चैत्रामची घागर

चोपडा
२५ फेब्रुवारी २०२४

खाजा,

नाजमीनकडून तुझा धुळ्याचा पत्ता घेतला. ती म्हणाली, चाचा, अब्बूंना फोनवर आता काहीच ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहून पाठवलं तर चष्मा काढून बाजूला ठेवतात. तुम्ही कागदावर लिहा, मोठ्या अक्षरात. म्हणून हे मोठं अक्षर. हसू नकोस.

तोफखान्यातल्या नोकरीनं कुणाला काय दिलं, तुला बहिरेपण दिलं. माझ्याही उजव्या कानात दिवसभर रातकिडे असतात, पण समोरचा काय बोलतो ते अजून कळतं. तुझं इतकं वाढलंय हे मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं झाली, तू चोपड्याला आला नाहीस. तुझ्या अब्बांचं पिंजाऱ्याचं दुकान होतं तिथे आता मोबाईलवाला बसतो. मी तिथून जाताना अजून आत बघतो.

कामाचं लिहितो. परवा लासूरच्या वर मायकडे गेलो होतो. चैत्रामची माय. रेशनकार्डावर ती सुगंधाबाई असेल, आपल्याला मायच. फार वाळली आहे. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, सांभाळा. धाकट्या मुलाची बायको दिपमाला सांभाळते, पण माय ऐकेल तर ना. मी खाटेजवळ बसल्यावर तिनं दिपमालाला चहाला पिटाळलं आणि मला म्हणाली, या आखाजीला चैत्रामच्या नावाची घागर भरायची आहे.

मी तिला पुन्हा विचारून घेतलं. तुझाही वाचून विश्वास बसणार नाही. इतक्या आखाज्या आपण तिच्या घरी जेवलो. सासू, सासरा, नवरा, सगळ्या पितरांच्या घागरी ती भरायची, उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढून नाव घ्यायची, पण चैत्रामचं नाव कधी घेतलं नाही. कुणी सुचवलं की म्हणायची, "तो बरफमा गया, मातीमा नही." प्रेत घरी आलं नाही, म्हणजे तिच्या लेखी मुलगा मेला नाही. आपल्या दोघांच्या ताटांशेजारी ती त्याचं तिसरं ताट वाढायची, शेतावरून येईलच आता, अशा हिशोबानं. आपण जेवून उठायचो. ते ताट तसंच निवायचं.

आता तिला भीती वाटते. म्हणाली, "मी गई ते त्याले पानी कोन दी?" ती आहे तोवर तो ताटावर आहे. ती गेल्यावर ना जिवंतांत ना पितरांत, कुठेच नाही. पण तिची एक अट आहे. "ज्यानी देखं, त्यानी मना समोर बशीसन सांगाले पाहिजे. मंग मी घागर भरसू."

ज्यानं पाहिलं तो तू. तूच त्याच्यासोबत होतास.

कॅलेंडरात अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, दहा मेला आहे. शुक्रवार आहे, मला माहीत आहे. सकाळी मोटरसायकलनं वर जाऊ, जुम्म्याच्या नमाजाला तुला चोपड्यात आणून सोडीन. तिला पुढची आखाजी दिसेल असं मला वाटत नाही. ये.

तुझा
सुकलाल


चोपडा
२० मार्च २०२४

खाजा,

उत्तर आलं नाही. रमजान सुरू आहे, दुकानातही लगीनसराईच्या गाद्यांचं काम असेल, असं मी मला सांगतो. पोस्टमन दारावरून जातो तेव्हा मात्र उठून बघतो.

हल्ली मला आपली पहिली पोस्टिंग फार आठवते. नंतरच्या वीस-बावीस वर्षांत पंजाब पाहिला, आसाम पाहिला, हवालदार झालो, पण त्यातलं सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. पहिली जागा तेवढी स्वच्छ आठवते. नाशिकरोडचं ट्रेनिंग संपवून आपण तिघं भुसावळला झेलम एक्सप्रेसमध्ये चढलो. चैत्रामच्या मायनं सांजोऱ्यांचा डबा दिला होता. तो मनमाडच्या जवानांनी खांडव्यापर्यंत संपवला आणि चैत्राम त्यांना आणखी घ्या म्हणत होता. जम्मूपर्यंत खिडकी कुणाला मिळणार यावरून तुमचं भांडण झालं. शेवटी खिडकीत मी बसलो.

वर बर्फात पोचल्यावर आपण एकमेकांना बघितलं ते अजून दिसतं. केळीच्या बागांतली पोरं, आणि समोर नुसता पांढरा डोंगर. चैत्राम म्हणाला होता, आपला सातपुडा याच्यापुढे म्हणजे बांध.

तुझ्यामुळे पहिल्याच महिन्यात आपलं नाव झालं. बॅटरीतल्या जवानांच्या रजयांमध्ये कापसाचे गोळे झाले होते, कुणाला ऊब येत नव्हती. तू पिंजाऱ्याचा मुलगा, तुला ते बघवेना. टेलिफोनच्या काळ्या केबलचा तुकडा घेतलास, काठीला ताणून बांधलास, पिंजायची कमान केलीस आणि सबंध रविवार रजया उसवून कापूस पिंजत बसलास. संध्याकाळी सुभेदार साहेब आले. सरकारी केबल कापली म्हणून तुला पाठीवर पोतं देऊन पळवलं. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची रजई पाठवून दिली.

त्यांचीच दुसरी गोष्ट. मी एक्स्चेंजवर, तुम्ही दोघं लाइनवर. पुढच्या टेहळणी चौकीपासून तोफांपर्यंत केबल टाकायची, तुटली की शोधून जोडायची, हे तुमचं काम. चैत्राम चौकीवरून घंटी द्यायचा आणि सांगायचा, "बठ्ठं ठीक शे." एकदा साहेबांनी ते ऐकलं. त्यांना वाटलं आपण कसला तरी गुप्त कोड चालवतोय. तिघांना उभं केलं. रोहतकचा माणूस, आवाज असा की तोफ बरी. "ये बठ्ठा कौन है?" चैत्राम तसाच सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "साब, बठ्ठा मतलब सब. आप भी बठ्ठा में आते हैं." तू हसू दाबताना खोकलास आणि तुला एकट्याला पुन्हा पोतं. त्यानंतर साहेब लाइनवर आले की आधी विचारायचे, बट्ठा ठीक से?

हे मी आता कुणाला सांगू? मुलाला पुण्यात फोनवर सांगायला लागलो की तो "हो पप्पा" म्हणतो आणि मागे त्याच्या ऑफिसातले लोक ऐकू येतात.

आता जे लिहितो त्याचा राग मानू नकोस. तुझी शेवटची आखाजी आठव. आमरस वाढून झाला होता. मायनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुला विचारलं होतं, खाजा, तो गेला तेव्हा तू जवळ होतास ना, सांग ना मला कसा गेला. तू कानाला हात लावलास. ऐकू येत नाही म्हणालास. मग पोटात दुखतंय म्हणून ताटावरून उठलास आणि मला न घेता बसनं निघून गेलास.

खाजा, त्या वर्षी तुझा डावा कान शाबूत होता. सकाळी मोटरसायकलवर माझ्या मागे बसून तू माझ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज बिघडलाय, टॅपेट करून घे म्हणून सांगत होतास.

मी तेव्हा काही बोललो नाही. आताही तुला पकडायचं नाही. एवढंच विचारतो, सांगायला इतकं जड असं काय आहे? तो बर्फाखाली गेला हे सगळ्या जगाला माहीत आहे. त्याच्या पेन्शनच्या कागदावर मायचा अंगठा आहे. तिला फक्त पाहिलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं आहे.

इफ्तारच्या वेळी आमच्या गल्लीच्या टोकाला खजूर-कलिंगडाच्या गाड्या लागतात. काल उगाचच एक कलिंगड घेतलं. एकट्याला ते दोन दिवस पुरतं.

तुझा
सुकलाल


चोपडा
१६ एप्रिल २०२४

खाजा,

मी न कळवता धुळ्याला आलो त्याला आज तीन दिवस झाले. ईद होऊन गेली होती, तरी नाजमीननं शिरखुर्मा काढून ठेवलेला होता. बरं वाटलं. तिथे जे बोलायचं होतं ते बोलता आलं नाही. तुझ्या पोरानं, तौसिफनं, पिंजायचं मशीन लावलं होतं, सगळीकडे कापूस उडत होता, आणि तू त्या घरघरीत अगदी शांत बसून गादीच्या कडेला टाके घालत होतास. मला पाहून पहिलं म्हणालास, "पोट केवढं केलंस रे." मग मिठी मारलीस.

मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दिलं, माय वाट बघते आहे. तू वाचलंस. आणि इतक्या मोठ्यानं बोललास की गादी न्यायला आलेला माणूस दारातच थांबला.

"मी पाहिलंच नाही, सुकलाल."

तू सांगत गेलास आणि मी तुझ्या हातातल्या सुईकडे बघत बसलो. तुझे बूट ओले झाले होते. पायाची बोटं लागेनाशी झाली होती. वळणाच्या खडकापाशी चैत्रामनं तुझी चाल पाहिली, बूट काढायला लावला, पाय बघितला आणि तुला माघारी पिटाळलं. एकच जोड राहिलाय, मारून येतो म्हणाला. तू वळण ओलांडून अलीकडे आलास. मग आवाज झाला. तू परत वळण गाठलंस तेव्हा समोर नुसतं पांढरं होतं. तो उभा होता की वाकलेला, त्याला कळलं की नाही कळलं, तुला यातलं काही माहीत नाही.

मला हे खरंच ठाऊक नव्हतं. एक्स्चेंजवर मला त्याची घंटी आली होती, जोड लागला, बठ्ठं ठीक शे, आणि मग लाइन गेली. ते मी मायला पहिल्या रजेतच सांगितलं. पण तुझं मी धरून चाललो. दोघं गेले, एक परतला, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. तुला पायासाठी खाली दवाखान्यात नेलं, दोन बोटं गेली, दुसऱ्या बॅटरीत टाकलं. गावी भेटलो तेव्हा तू विषय काढला नाहीस, म्हणून मीही नाही. आणि गावानं परस्पर ठरवून टाकलं. पंधरा ऑगस्टला तुला हार घालायचे, सरपंच माइकवर म्हणायचे, शहीद चैत्रामच्या अखेरच्या श्वासापर्यंत सोबत असलेले आपले खाजाभाई पिंजारी. समोर खुर्चीवर माय बसलेली. तू म्हणालास, "पहिल्या वर्षी बोललो नाही. मग दरवर्षी आणखी अवघड होत गेलं."

आता माझं ऐक. तिथे सांगता आलं नाही, सांगितलं असतं तरी तुला ऐकू गेलं नसतं.

तू पाहिलं म्हणून सांग. मी बसमध्ये यावरच विचार करत होतो. "माय, मी पाहिलं, पटकन गेला, त्याला कळलंही नाही." एवढंच. कोर्ट नाही, चौकशी नाही, कुणाचं काही जात नाही. म्हातारीची घागर भरली जाते. तू खरं सांगितलंस तर काय होईल याचा विचार कर. पाहिलेला माणूसच नाही म्हटल्यावर ती पुन्हा ताट वाढून बसेल, आणि या खेपेला ताटाशेजारीच जाईल. मी तिथे असतो तर मी सांगितलं असतं. पण मी एक्स्चेंजवर होतो हे तिला माहीत आहे.

असं बोलणं जड जात नाही. तुझ्या घरी नाजमीननं विचारलं, चाची कशा आहेत, त्यांना का नाही आणलंत. मी म्हणालो, बरी आहे, गुडघे दुखतात म्हणून आली नाही. उषाला जाऊन जूनमध्ये दोन वर्षं होतील. साधा ताप म्हणून नेलं होतं. तुला कळवायचं राहून गेलं, म्हणजे कळवलं नाही. सणाच्या घरात, वाटी हातात असताना, ते सांगावंसं वाटलं नाही. आणि नाजमीननं चाचींसाठी म्हणून डब्यात शिरखुर्मा दिला.

तो डबा मांडीवर घेऊन अमळनेरपर्यंत आलो. घरी येऊन डबा फ्रीजमध्ये ठेवला. काल तो टाकून दिला, मला खाववेना.

असो. तू विचार कर. मी सांगितलं ते बरोबरच आहे असं नाही.

सुकलाल


चोपडा
४ मे २०२४

खाजा,

तुझं कार्ड मिळालं. "गुरुवारी संध्याकाळी येतो. काय सांगायचं ते तिथे बघू. उषावहिनींचं वाचलं. हे असं लपवतात का." एवढंच लिहिलंस, पण अक्षर अजून तसंच आहे, ओळ वर वर जाणारी.

बस अमळनेरवरून धर, तीच बरी पडते. मी स्टँडवर असेन. तुला हाका ऐकू येणार नाहीत, म्हणून मी रसवंतीच्या बाजूला उभा राहीन, इकडेतिकडे फिरू नकोस. उन्हाळा फार आहे, डोक्याला रुमाल बांध. पुढची खोली झाडून ठेवली आहे. कूलर दुरुस्त करून आणला. तुझ्या बीपीच्या गोळ्या घेऊन ये, इथे तीच कंपनी मिळेल याचा भरवसा नाही.

मायला तू येतोस एवढंच सांगितलंय. तिनं दिपमालाला सांगून कुंभाराकडून एक घागर जास्तीची आणवली आहे. ती इतर घागरींपासून वेगळी, भिंतीशी ठेवली आहे.

मागच्या पत्रातलं मी मागे घेत नाही, पण त्यावर अडूनही बसत नाही. तू जे सांगशील त्याला मी मान हलवीन.

सुकलाल


चोपडा
१२ मे २०२४

खाजा,

आखाजीच्या दिवशी तू तिथे होतास, तरी हे सगळं लिहून कळवायला हवं. तुझं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. त्यावर काय बोलणं झालं ते तुला ऐकू आलं नाही. परतीच्या वाटेवर मी मोटरसायकल चालवत होतो, नमाजाला उशीर होत होता, आणि नंतर स्टँडवर बस लागलेली. तू खिडकीतून दोनदा हातानं विचारलंस, काय म्हणाली. मी हातानं सांगितलं, पत्र लिहितो.

आधी तुझं. तुला वाटलं असेल तू मायच्या कानाशी हळू बोललास. तसं नव्हतं. "माय, मी नही देखं त्याले," हे तू म्हणालास ते निंबाखाली झोके घेणाऱ्या पोरींपर्यंत गेलं. माहेरवाशिणींची गाणी थांबली. भाऊबंदांतले सुपडू नाना ओट्यावर बिडी पेटवत होते, ती तशीच राहिली. तू ओले बूट, वळण, तो पाय बघून माघारी पाठवणं, मग आवाज, सगळं सांगितलंस. शेवटी म्हणालास की हार घालून घेतले, ते माझे नव्हते. मग मान खाली घातलीस. मी मान हलवीन असं लिहिलं होतं. मी काही हलवली नाही, मला ती हलवताच आली नाही.

माय रडली नाही हे तू पाहिलंस. तुझ्या डोक्यावर तिनं हात ठेवला तेही. पण त्याआधी ती माझ्याकडे वळून बोलली, ते हे.

"एकटा व्हता?"

मी हो म्हणालो.

तिनं त्या भिंतीशी ठेवलेल्या घागरीकडे बघितलं. मग म्हणाली, "इतला वरीस माले वाटे, खाजा शे त्यानाजोडे."

तू त्याच्याजवळ आहेस, या जिवावर ती निश्चिंत होती, खाजा. पाहिलेला माणूस आहे, म्हणजे मुलगा कुणाच्या तरी नजरेखाली आहे, अशी काहीतरी तिची समजूत असावी. म्हणून तिला घाई नव्हती. मला वाटत होतं ती तुझ्याकडून तो मेला हे ऐकायला बसली आहे. ते तिला कधीपासूनच माहीत होतं. मी तुला जे खोटं सांगायला सुचवलं होतं, त्यानं तिला उलट आणखी वाट बघायला लावली असती, असं आता वाटतं. खात्री नाही.

मग तिनं दिपमालाला हाक मारली आणि म्हणाली, "आते त्याले बापनाजोडे बसाडू."

तू तेव्हा हातपंपावर तोंड धूत होतास. मी आणि दिपमालानं तिला दोन्हीकडून धरून उंबऱ्यापर्यंत नेलं. ती खाली बसली. वाटीत बोट बुडवून तिनं सासूचं नाव घेतलं, सासऱ्याचं घेतलं, नवऱ्याचं घेतलं. नवऱ्याच्या बोटाला लागून, अगदी चिकटून, चौथं बोट ओढलं. चैत्राम म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, दारातून पोराला हाक मारावी तसा. मग घागर भरली, तिच्या हातून सांडत होतं म्हणून मी खालून हात लावला.

आता ताटाचं. ते तुला कुणी सांगितलं नाही, आणि तू जेवलास, म्हणून मला ते सांगणं भाग आहे. या वेळी तिसरं ताट नव्हतं हे तुझ्या लक्षात आलं असेल. घागर भरली की ज्याची ती, त्याच्या नावानं कुणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवतात. तू बसलास तो पाट पितराचा होता. चैत्रामचा. दिपमालानं आधी तुझे पाय धुतले, तू संकोचलास, मला वाटतं तू समजलास की दुखऱ्या पायासाठी धुतले.

सुपडू नाना कुरकुरले. म्हणाले, या पाटावर भाऊबंदांतला बसतो, आणि हा तर आपल्यातलाही नाही. माय तिथूनच, पंख्यानं तुझ्या ताटावरच्या माशा वारत म्हणाली, "खाजानी खरं सांगं. तुमी बठ्ठास्नी पंधरा ऑगस्टले काय सांगं?" नाना उठून गोठ्याकडे गेले. थोड्या वेळानं आले आणि गुपचूप तुझ्या शेजारी जेवायला बसले. तुला त्यांनीच आमरस जास्त वाढायला लावला.

मी मायला म्हणालो, त्याला न सांगता बसवलंस, त्याच्या धर्मात चालतं की नाही कोण जाणे. तिनं पंखा खाली ठेवला. मग म्हणाली, त्याला विचार. चालत नसेल तर पुढल्या खेपेला शेजारच्या पाटावर बसेल, पण जेवायला येईल. ज्याला एकदा या पाटावर बसवलं त्याला दरवर्षी बोलवायचं असतं म्हणे. ती असो नसो, दिपमालाला तिनं बजावून ठेवलंय. तर हे मी विचारतो आहे. मनात काही असेल तर स्पष्ट लिही, मी तिला समजावून सांगेन. ती वाईट वाटून घेणार नाही.

काल सकाळी पुन्हा वर जाऊन आलो. ती झोपली होती. दिपमाला म्हणाली, आखाजीच्या रात्री आई इतकी गाढ झोपली की मी दोनदा नाकाशी हात धरून बघितला.

तू गुरुवारी रात्री पुढच्या खोलीत घोरत होतास, तुला ते ऐकू येत नाही म्हणून सांगतो, फार घोरतोस. मला मधेच जाग आली आणि घरात दुसऱ्या माणसाचा आवाज आहे हे कळायला थोडा वेळ लागला. मग झोप लागली. शुक्रवारी बस सुटल्यावर मी स्टँडवरून लगेच घरी आलो नाही. रसवंतीवर बसून राहिलो. घरी आल्यावर तुझ्या चहाचा कप तसाच होता, तो धुतला, खाट आवरली, कूलर बंद केला.

पुढच्या आखाजीला वर्ष आहे. तोवर मधे कधीही ये. काही निमित्त पाहिजे असं नाही.

तुझा
सुकलाल